स्लॅबवरच्या सळया

उद्यमनगर, कोल्हापूर
१६ जुलै २०२५

ती. जिनपालमामा,
जय जिनेंद्र.

मी रोज तुम्हाला फोन लावतेय आणि रोज एक बाई मला गोड आवाजात सांगतेय की हा नंबर बंद आहे. शेवटी आईला विचारलं. ती हसत सुटली. "त्यानं नियम घेतलाय," म्हणाली. "चातुर्मास संपेपर्यंत मोबाईलचा त्याग." मामा, लोक चातुर्मासात गोड सोडतात, तूप सोडतात, गादी सोडतात. तुम्हाला नेमका मोबाईलच सापडला? तोही मी तुमचाच डबा करायला घेतल्यावर? मामीच्या फोनवरून बोलावं म्हटलं, तर ती वाटही तुम्ही बुजवून ठेवलीय म्हणे, 'ती पळवाट होईल.' मुनिमहाराजांनी एवढं मागितलं नसणार. हे तुमचं पदरचं.

तर आता पत्र. पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "नक्की साधंच पाठवायचंय ना?"

कामाचं बोलते. वाद्यं एकमेकांना जोडायचा तुमचा जुना डबा गेल्या वर्षी जनरेटरच्या झटक्यात जळाला, तेव्हापासून तुम्ही एका कीबोर्डची वायर उपसून दुसऱ्यात खुपसत भजनं म्हणताय. मागच्या पूजेत पारसच्या पायात वायर अडकली आणि आरती मधेच मुकी झाली, ते मी स्वतः पाहिलं. तुमचा तो गुणी पुतण्या तेव्हा वायरीला हात जोडून क्षमा मागत होता. नवा डबा करून देते असं मी तेव्हाच कबूल केलं होतं. आता पुण्याची नोकरी सोडून आलेय, धैर्यशीलदादांच्या लेथच्या शेडमध्ये एक कोपरा घेतलाय, आणि पहिला डबा तुमचा. कार्तिकातल्या आठ दिवसांच्या सिद्धचक्र विधानात तो नीट चालला की पूजेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बाकीच्या पार्ट्या आपणहून येतील. नाही चालला, तर आई मला पुण्याच्या गाडीत बसवायला स्वतः येणार आहे.

परवा तिला हे यंत्र काय करतं ते समजावत होते. म्हटलं, कीबोर्ड जोडायच्या मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. तो निरोप ज्या यंत्राला पोचतो ते आवाज काढतं. डब्याचं काम पोस्टमनचं, कुणाचा निरोप कुणाच्या दारात टाकायचा ते ठरवायचं. आई म्हणाली, "मग तुझा मामा बरोबर पत्रावर आलाय की."

आता प्रश्न. पाच पिनांची ती जुनी गोल सॉकेटं जागा फार खातात. त्याऐवजी बारके जॅक लावू का, पूर्वी मोबाईलच्या इअरफोनला असायचे तसले? डबा चपातीच्या डब्याएवढा होईल आणि दिसायलाही देखणा. पत्रा कापायच्या आधी कळवा, एकदा भोकं पडली की पडली.

आणि तालाला यंदाही कीबोर्डमधलाच तयार ठेका का? मल्लिकार्जुनकाका असते तर... राहू दे, चिडाल.

तुमची आदिती

*

हातकणंगले
२४ जुलै २०२५

चि. आदितीस जिनपालमामाचे आशीर्वाद.

पत्र दुकानावर पाठवलंस ते झकास केलंस. पुढंही दुकानावरच पाठव. घरी नको. का ते विचारू नकोस.

बारका जॅक नको. पाच पिनांचंच गोल सॉकेट, चार आत यायला आणि चार बाहेर जायला. बारक्या जॅकच्या अंगात जीव नसतो. तू मंडपात कधी वायरी लावल्यास? सतरंजीखाली वायरी, वर माणसं, त्यात एखादी बाई अर्घ्याचं ताट घेऊन वाकली की तो जॅक बाहेर आलाच. पाच पिनांची पिन अंधारातही बोटानं खाच चाचपून बसवता येते. दुसरं, त्या बारक्या जॅकमध्ये दोन जाती. एका कंपनीनं तारा सुलट जोडलेल्या, दुसरीनं उलट. दिसायला सख्ख्या बहिणी आणि एकमेकींशी बोलत नाहीत. यूएसबीचं तर नावच काढू नकोस. मागं एकदा लावलं, तर स्तोत्राच्या मागं जनरेटरची घरघर स्पीकरातून ऐकू यायला लागली. पूजा सांगणारे उपाध्ये माझ्याकडं बघत होते आणि मी आकाशाकडं.

दोन सॉकेटं माझ्या दोन कीबोर्डांची. एक पारसचं. चौथं कुणाचं, ते विचारायचं नाही.

मल्लिकार्जुनचं नाव काढलंसच म्हणून सांगतो. मी तयार ठेक्याचा कीबोर्ड आणला तेव्हा तो म्हणाला, "मग मला कशाला न्हेतोस? त्या मशीनलाच भाकरी घाल." आणि तबला-डग्गा काखोटीला मारून गेला. तीन वर्षं झाली. गेला तर गेला. मी काय त्याच्या मागं पळू?

तुझी मामी बरी आहे. डावा खांदा धरलेलाच आहे, हात वर जात नाही. तरी भाकरी थापायची ती थापतेच.

मामा

*

उद्यमनगर, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

बरं बाबा, पाच पिनांचं तर पाच पिनांचं. डबा आता चपातीचा न राहता लग्नातल्या लाडवांचा झालाय. धैर्यशीलदादांनी पत्रा वाकवून दिला आणि विचारलं, "यात काय ठेवणार, घड्याळ का घरटं?"

पण एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. घर बांधताना स्लॅबवर सळया सोडून ठेवतात ना, पुढंमागं मजला चढवायचा झाला तर? तशा मला या डब्यात सोडायच्यात. आतल्या बोर्डावर एक दहा पिनांचा कनेक्टर लावून ठेवते. आज त्याला काही जोडायचं नाही. उद्या पार्टी वाढली तर एक छोटा बोर्ड चपट्या वायरीनं त्यावर जोडला की आणखी वाद्यं आत घेता येतील. डबा फोडायला नको, नवा करायला नको. तुम्ही हो म्हणा.

आणि चौथं सॉकेट. मामा, मी ओळखलं. तुम्ही नाव घेत नाही यातच सगळं आलं. वाजवायचा थांबलेला एक हात तुम्हाला पुन्हा वाजता बघायचाय. तोंडानं कधी म्हणायचा नाहीत, पण डब्यात जागा मात्र ठेवायची. तुमच्यासारखा खडूस माणूस आतून इतका मऊ असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. पत्र वाचताना माझे डोळे भरून आले आणि हातात गरम सोल्डरिंग होतं. बोटाला फोड आलाय, तो तुमच्या नावावर.

आदिती

*

हातकणंगले
१३ ऑगस्ट २०२५

चि. आदितीस आशीर्वाद.

ओळखलंस? तू तुझ्या आईवर गेलीस. अक्काला लहानपणीही लपवलेला लाडू वासावरून सापडायचा. ओळखलंस तर ओळखलंस, आता तोंडाला कुलूप. विधानाच्या दिवशी मंडपात एकदमच कळू दे. त्या दिवसाचा मी आषाढापासून विचार करतोय. नुसता विचार केला तरी हसू येतं, आणि दुकानात गिऱ्हाईक विचारतं की रिमोट दुरुस्त करताना एवढं काय हसताय.

सळया नकोत. आमच्या स्लॅबवर सळया सोडल्या तेव्हा पारस रांगत होता. आता त्याला मिशा आल्या, मजला काही आला नाही. तुझी मामी त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालते आणि गंजाचे डाग माझ्या पूजेच्या सदऱ्यावर पडतात. जेवढं लागतं तेवढंच करावं. चार म्हणजे चार. पाचवं वाद्य कुठून येणार आहे?

तुझ्या बोटाला खोबरेल लाव.

मामा

*

उद्यमनगर, कोल्हापूर
८ सप्टेंबर २०२५

ती. मामा,
उत्तम क्षमा.

आज क्षमावणी. वर्षभरात मन, वचन, कायेनं जे काही चुकलं त्याची क्षमा. त्यातल्या दोन चुकांची आत्ताच मागून ठेवते. एक सांगते, दुसरी नंतर.

तोंडाला कुलूप लाव म्हणालात, पण मला राहवलं नाही. मला वाटलं, ऐन दिवशी मंडपात बोलावलं आणि ते आलेच नाहीत तर? सॉकेट रिकामं राहील आणि तुम्ही आणखी तीन वर्षं तोंड फिरवून बसाल. म्हणून पर्युषण संपल्यावर मी शाहूपुरीत मल्लिकार्जुनकाकांच्या बियाण्यांच्या दुकानात गेले.

त्यांनी मला ओळखलंच नाही. "काय पायजे ताई, भेंडी का दोडका?" मी सांगितलं कोण ते. तराजू हातातच राहिला. "जिनप्याची भाची व्हय? मग भाईर का हुबी? आत ये की! मल्लव्वा, च्या टाक गं!"

चहा पिताना डब्याचं सगळं सांगितलं. चौथं सॉकेट तुमच्यासाठी ठेवलंय म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, "त्येनं सोता ठिवलंय? माझ्यासाटनं?" मग बशीत चहा ओतत बसले. मल्लव्वाकाकू आतून म्हणाल्या, "जा की वो. तीन वर्सं झाली, सणाला कुणाकडं जाईचं म्हटलं की तेंचंच नाव काढतासा." मग काका म्हणाले, "त्यानं तोंडानं बोलावलं असतं तर आलो नसतो बघ. त्येला तोंडानं बोलाया कुठं येतंय? पर भोक ठिवलंय म्हंतीस, मग येतो." त्यांनी ऑक्टापॅड घेतलाय मामा! गोदामात पोत्यांच्या मागं ठेवलाय. मला वाजवून दाखवला, सोयाबीनची पोती थरथरली.

रागावू नका. आज रागावता येत नाही.

आदिती

*

हातकणंगले
१५ सप्टेंबर २०२५

आदिती,

मल्लिकार्जुन? कुठला मल्लिकार्जुन? अगं बये, मी तुझ्या मामीबद्दल बोलत होतो!

पत्राच्या सुरुवातीलाच 'राहवलं नाही' वाचलं आणि माझं पाणी पाणी झालं. वाटलं, हिनं राजमतीला सांगितलं. कारण क्षमावणीला बस्तीत दर्शन झाल्यावर नेहमीसारखे मी तिच्यापुढं हात जोडले. दरवर्षी ती नुसती मान हलवते. यंदा मोठ्यानं म्हणाली, "केली क्षमा." चार माणसं वळून बघायला लागली. मग पुढचं वाचलं आणि मल्ल्याचं नाव आलं. खुर्चीतून पडायचाच बाकी होतो.

आता सगळं नीट ऐक. राजमतीची पेटी तुला माहीत आहे, तिच्या अप्पांनी चिकोडीहून लग्नात दिलेली, सागवानी. खांदा धरला तेव्हापासून डाव्या हातानं भाता मारता येत नाही, म्हणून ती पेटी कापडाखाली गेली. उजवा हात चांगला आहे. पोळपाटावर पीठ असलं की त्यावरही बोटं चालतात, मी बघतो ना. मी बोलत नाही. तर मी त्या पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली बारकं लोहचुंबक आणि सेन्सर बसवलाय. भाता मारायलाच नको. पट्टी दाबली की निरोप वायरीतून डब्यात, डब्यातून आवाजाच्या यंत्रात. नुसत्या एका हातानं वाजवायचं. तिनं आजवर घराबाहेर कधी वाजवलं नाही. मला तिला विधानात सगळ्यांसमोर बसवायचं होतं. घरात तिला सांगितलंय की पेटीला वाळवी लागलीय, औषध मारलंय, हात लावू नकोस.

मोबाईलचा नियम मी धर्मासाठीच घेतला. पण निम्मं कारण हेही. फोनवर मला हळू बोलता येत नाही. मी गुपित सांगायला लागलो की स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला ऐकू जातं.

आणि पाच पिनांबद्दल मी जे भाषण ठोकलं ते खरं आहेच, पण त्याआधीच मी पेटीच्या पाठीला गोल भोक पाडून बसलो होतो. पाच पिनांच्या मापाचं. सागवानाला एकदा पाडलेलं भोक बारकं होत नाही.

आता जागा चार आणि वाद्यं पाच. मल्ल्याला नको म्हणून सांग.

नको, सांगू नकोस. पोती थरथरली म्हणतेस? डाव्या हाताची थाप अजून तशीच पडते का त्याची? ती ऐकून पूर्वी मी गाताना शब्द विसरायचो. मी काय करू ते मला समजेना झालंय. तूच निस्तर.

मामा

*

उद्यमनगर, कोल्हापूर
२९ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र मी शेडमध्ये उभ्याउभ्या वाचलं आणि मोठ्यानं ओरडले. धैर्यशीलदादांनी लेथ बंद केली. त्यांना वाटलं बोट गेलं.

मामीसाठी! आणि मी बुद्दू तीन वर्षांच्या भांडणाचे धागे जोडत बसले. मामा, तुम्ही मला आत्ता समोर हवे होता. वाकून नमस्कार केला असता आणि मग वाळवी म्हणालात म्हणून एक चिमटाही काढला असता.

आता दुसरी चूक ऐका, क्षमा आधीच मागून झालीय. तुम्ही सळया नकोत म्हणालात, पण मी सोडल्या. दहा पिनांचा कनेक्टर बोर्डावर पहिल्यापासून आहे. पत्रा लागला की तो दिसत नाही, म्हणून गप्प बसले होते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्यावर जोडायचा छोटा बोर्ड आखायला घेतला. आज तयार झाला आणि चाललाही. मजला चढला मामा!

एकच अडचण. पुढच्या पत्र्यावर आता गोल सॉकेटाला जागा नाही. बाजूला तीन बोटांची पट्टी शिल्लक आहे, तिथं बसतील ते बारके जॅकच. मी दोन बसवलेत. ओरडू नका. पाच पिनांचं चौथं सॉकेट मामीचं, तिच्या पेटीला भोकच तसलं आहे. बारका जॅक मल्लिकार्जुनकाकांचा. एका बाजूला पाच पिनांची पिन आणि दुसऱ्या बाजूला बारका जॅक अशी वायर लागेल. मी देते म्हटलं, पण काका म्हणाले, "वायर मी आनतो, एवढं तरी करू दे की." प्रत्येक सॉकेटाशेजारी एक हिरवा दिवा ठेवलाय. निरोप आला की लुकलुकतो, म्हणजे कुणाचा येतोय आणि कुणाचा अडलाय ते लगेच कळतं.

डबा पारसबरोबर पाठवते. विधानाच्या आठवड्यात मी बंगळूरला आहे, वाद्यांचं प्रदर्शन आहे आणि तिथं माझं टेबल लागलंय. नेमकं तेव्हाच. जीव तिकडं हातकणंगल्यात असणार. मामीला बसताना बघायचं माझं राहून जाणार, म्हणून सगळं लिहून पाठवा. काहीही गाळायचं नाही.

आदिती

*

हातकणंगले
३१ ऑक्टोबर २०२५

चि. आदितीस अनेक अनेक आशीर्वाद.

चातुर्मास संपला, नियम सुटला. दिवाळीला मोबाईल बाहेर काढला, तर बॅटरी फुगून झाकण वर आलेलं. आपण टाकलं म्हणून वस्तू गप्प बसत नाहीत. नवा घेईन, घाई नाही. तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू बंगळूरहून आलीस की हे पत्र शेडच्या दारात पडलेलं असेल.

काल विधानाचा पहिला दिवस. सकाळी मंडपात वायरी लावत होतो. डबा मांडला, सगळे दिवे बघितले. तेवढ्यात मंडपाच्या दारात मल्लिकार्जुन. पोट सुटलंय, मिशा पिकल्यात, काखेत ऑक्टापॅड. मी बघितलं, त्यानं बघितलं. मी वायरी सोडवायला लागलो, तो सतरंजीची घडी मोडायला लागला. मल्लव्वा वैनी मागं उभ्या राहून दोघांकडं बघत होत्या. त्यानं वायर काढली, पिन ऑक्टापॅडला लावली, बारका जॅक डब्याच्या बाजूला खोचला आणि थाप मारली. दिवा लागेना. आवाज नाही. परत मारली. नाही.

आदिती, मला सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद झाला. मी म्हणालो नव्हतो? उलट जातीचा जॅक! मी पारसला बोलावलं आणि सुरू झालो. बारक्या जॅकमध्ये दोन जाती कशा, कंपन्यांनी लोकांना कसं फसवलं, पाच पिनांचा जमाना कसा सोन्याचा होता. माझं भाषण रंगात आलेलं, तेवढ्यात मल्ल्या ओरडला, "आरं मर्दा, भाषान काय देतोस? डाग दे आन् तारा फिरीव की!"

तीन वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य हे. मी म्हणालो, "मग धर की इकडं, नुसता बघतोस काय!" त्यानं जॅक चिमट्यात धरला, मी सोल्डरिंग तापवून दोन तारांची अदलाबदल केली. नीट धर म्हणून मी खेकसलो, नीट लाव म्हणून तो. त्याच्या अंगठ्याला चटका बसला. जॅक खोचला, थाप मारली आणि दिवा लागला. मंडपाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आम्ही दोघंही हसायला लागलो ते थांबेना. उपाध्ये येऊन म्हणाले, "पूजा सुरू करायची का तुमचं झालं की सांगताय?"

तुझा जॅक पाच पिनांचा असता तर त्याची पिन पहिल्या फटक्यात बसली असती आणि आम्ही दोन कोपऱ्यांत आठ दिवस न बोलता वाजवलं असतं. हे मी एकदाच लिहितोय. पुन्हा म्हणणार नाही.

आता राजमती. मी ठरवलं होतं की आधी दोन शब्द बोलायचे. तुझ्या अप्पांची पेटी, तुझा खांदा, असं काहीतरी पाठ केलं होतं. पेटी कापडात गुंडाळून आणली, तिला पुढं बोलावलं, कापड काढलं आणि पाठ केलेलं तसंच राहिलं. पाच पिनांची पिन हातात घेऊन मी नुसता उभा. ती आली. पदर खोचला, पेटीसमोर बसली. माझ्या हातातली पिन घेतली आणि पेटीच्या पाठीकडं न बघता, बोटानं खाच चाचपून, सॉकेटात बसवली. डावा हात मांडीवर ठेवला. भात्याला शिवलीसुद्धा नाही. आणि वाजवलं.

चौथा दिवा लुकलुकायला लागला. मी डब्याकडं बघतच राहिलो, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं. मल्ल्यानं हळूच ठेका धरला, तोंडानं "वैनी, वैनी" म्हणत होता. पारस सूर सोडून रडत होता, नालायक. बायका पुढं सरकून बसल्या. मी गायला सुरुवात केली आणि पहिलीच ओळ विसरलो, तर ती वाजवता वाजवता म्हणाली, "म्हणा की आता."

घरी येताना विचारलं, "तुला काहीच आश्चर्य वाटलं नाही?" तर म्हणते, "वाळवी बरी झाली वाटतं."

मला यातलं काही उलगडलेलं नाही. पण माझ्या आयुष्यात एवढा आनंदाचा दिवस मला आठवत नाही. मल्ल्या आता दर रविवारी सरावाला येतो म्हणतोय. तेवढा आवाज खाली शेजाऱ्यांना सोसणार नाही. पारस कालपासून शिडी लावून स्लॅबवरच्या सळया मोजतोय.

तुझा मामा

*

हातकणंगले
७ नोव्हेंबर २०२५

चि. आदितीस,
मामीचे आशीर्वाद. मी कुणाला पत्र लिहीत नाही. तुझ्या मामानं चार महिने लिहिली, तेव्हा मलाही लिहावंसं वाटलं. हे तुझ्यापाशीच ठेव.

श्रावणात एकदा पेटीवरची धूळ पुसायला कापड काढलं. वाळवीला मी घाबरत नाही, माझ्या अप्पांच्या सागवानाला वाळवी लागेल कशी? पाठ पुसताना बोट आत गेलं. बघते तर भोक. गोल, बोट जाईल एवढं. अप्पांच्या पेटीला! मी तिथंच मटकन खाली बसले. एवढी रडले की डाळ करपली. तुझा मामा घरात असता तर त्या दिवशी मी त्याला सोडला नसता.

मग राग राग करत पेटी उघडली, आणखी काय काय मोडलंय बघावं म्हणून. तर प्रत्येक पट्टीखाली लोकरीचा बारका तुकडा चिकटवलेला. माझ्या जुन्या हिरव्या शालीचा. पट्टी दाबली की खट्ट वाजू नये म्हणून. एकेक तुकडा कात्रीनं सारखा कापलेला. भोकाची कड पॉलिशपेपरनं घासून तेल लावलेली, माझ्या बोटाला कूस लागू नये अशी. भिंगाशिवाय त्याला सुईत दोरा ओवता येत नाही गं. मी ते तुकडे बघत बसले आणि हा काय करतोय ते मला कळलं. डाळ दुसरी टाकली.

त्या दिवसापासून तो दुकानात गेला की मी दार लावून पेटीपुढं बसायची. भाता बंद. आवाज नाही. नुसत्या पट्ट्या दाबायच्या आणि सूर मनात ऐकायचा. मागचं भोक कुठं आहे ते बोटाला पाठ झालं. बोटं जड झाली होती, हळूहळू सुटली. तुझा मामा संध्याकाळी येऊन विचारायचा, "पेटीला हात लावला नाहीस ना? औषध आहे." मी म्हणायची, "छे." मंडपात सगळ्यांसमोर आवाज आला तेव्हा मला माझाच ओळखू आला नाही. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं.

तो समजतो मला काही माहीत नव्हतं. तसंच समजू दे. त्याला त्यात फार सुख आहे.

बायकांच्या मंडळातल्या अंबूबाई आणि संयोगिता विचारत होत्या, त्यांच्याही पेट्या पडून आहेत. तुझ्या डब्याला एक जागा अजून रिकामी आहे म्हणे. आणखी मजले चढतात का ते कळव. भोकं मात्र आम्ही विचारून पाडू.

आणि क्षमावणीला बस्तीत तुझ्या मामानं हात जोडले, तेव्हा त्याला वाटलं दरवर्षीचा रिवाज आहे. मी त्या भोकाची क्षमा केली.

तुझी,
राजमतीमामी